अक्काचा बांध

मला बोलायची भीती वाटत नाही. ही गोष्ट आमच्या घरी कौतुकाने कमी आणि तक्रारीच्या सुरात जास्त सांगितली जाते. देवपुरातल्या आमच्या गल्लीत पाण्याच्या टँकरवरून वाजलं की शेजारच्या काकू आईला न विचारता थेट मलाच हाक मारायच्या. त्यामुळे ही मुलगी लॉला जाणार हे मी ठरवायच्या आधी गल्लीनेच ठरवून टाकलं होतं.

कॉलेजच्या उन्हाळी सुट्टीत इंटर्नशिप करायची होती. वर्गातल्या मुली पुण्या-मुंबईच्या ऑफिसांना मेल पाठवत होत्या, मीही पाठवले. पुण्याच्या एका ऑफिसने होही म्हटलं. पण तिथे आदल्या वर्षी जाऊन आलेली मैत्रीण म्हणाली, "सुट्टीभर झेरॉक्स काढायच्या आणि कोणाला बिनसाखरेचा चहा लागतो ते लक्षात ठेवायचं." झेरॉक्स काढायला माझा जन्म झालेला नाही, असं मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "मग कशासाठी झालाय ते तरी कळू दे."

बाबांचे एक मित्र सातपुड्यात वकिली करत होते. दोघं अमळनेरला एकत्र शिकले. बाबा धुळ्यात नोकरीला लागले आणि हे गृहस्थ डोंगरात जाऊन बसले. सगळे त्यांना नाना म्हणायचे. मी त्यांना फोन केला.

"ये की," नाना म्हणाले. "पण इथे ए.सी. नाही, कोर्ट नाही आणि दुपारी लाइट असेलच असं नाही."

"मग आहे काय?"

"अशील आहेत."

मी बॅग भरली. सोनगीरचा किल्ला मागे पडला, पुढे महामार्ग सोडून गाडी बदलली, आणि दुसऱ्या एसटीने वळणं घेत घेत मला एका बाजाराच्या गावात नेऊन उतरवलं. डोंगरातलं गाव म्हटलं की लोकांना धुकं आणि स्वेटर आठवतो. आमच्या सातपुड्यात मे महिन्यात दगडावर पापड भाजून निघेल. पहाटे तेवढं जरा बरं वाटायचं, आणि तेवढ्यात सगळं गाव अंगण झाडून, पाणी भरून मोकळं व्हायचं. गाव म्हणजे एक रस्ता, एक आश्रमशाळा, फॉरेस्टचा डेपो आणि आठवड्याचा बाजार. बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या पाड्यांवरून माणसं उतरायची आणि त्यातली निम्मी नानांच्या ऑफिसात यायची.

ऑफिस म्हणजे किराणा दुकानाचा अर्धा ओटा. अशील मिठाच्या पोत्यांवर बसायचे, नाना लाकडी खुर्चीवर आणि मी दुकानदाराने दिलेल्या तेलाच्या रिकाम्या डब्यावर. कोर्ट खाली तालुक्याला होतं. मी विचारलं, मग ऑफिस इथे का? नाना म्हणाले, "कोर्ट खाली आहे, पण भांडणं वर आहेत."

नानांच्या कामाची पद्धत मला पहिल्यांदा अजिबात पटली नाही. माणूस आला की ते आधी विचारायचे, कोणत्या पाड्यावरचा, पायी आलास का, जेवलास का, यंदा आंबा कसा आहे. कामाचं काहीच नाही. मी पेन उघडून बसलेली असायचे आणि आत उकळत असायचे. एकदा मी न राहवून एका आजोबांना म्हटलं, "बाबा, मुद्द्यावर या ना." नानांनी मला पाणी आणायला पाठवलं. परत आले तेव्हा आजोबा आंब्यावरून आपणहून जमिनीवर आले होते, कारण आंबा जमिनीतच होता. मी डब्यावर बसले आणि लिहायला लागले.

अक्का मला तिथेच भेटली. उंच, काटक बाई, हसताना आधी डोळे हसायचे. पाड्यावरचे लोक आपसात त्यांच्या पावरी बोलीत बोलायचे, आमच्याशी मात्र अक्का ठसक्यात अहिराणी बोलायची. मला बघून तिने नानांना विचारलं, "हाई वकील शे? एवढीशी?"

"अजून वकील नाही झाले, अक्का," मी म्हटलं. "पण भांडता येतं."

"मंग चालस," अक्का म्हणाली, आणि माझ्या हातावर मोहाची सुकलेली फुलं ठेवली.

अक्काचं प्रकरण असं होतं. तिच्या सासऱ्याने डोंगराच्या उतारावरचे दगड वेचून एक लांब बांध घातला. बांधामागे माती अडली, वावर झालं. त्यात मका, ज्वारी, उडीद व्हायचा. सासरा गेला, नवरा गेला, मुलगा दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचा आणि होळीला परतायचा तो याच वावरावर. कागदावर मात्र ते जंगल होतं. कायदा असा की आदिवासी कुटुंब एका ठरावीक तारखेच्या आधीपासून अशी जमीन कसत असेल, तर ती त्याच्या हक्काची. ते सिद्ध करायला जुना पुरावा लागतो. अक्काचा दावा "पुरावा अपुरा" म्हणून खालच्या समितीने फेटाळला होता. नानांनी वर अपील केलं आणि जिल्ह्याच्या समितीने जागेची फेरपाहणी करायला सांगितलं. तलाठी येणार, फॉरेस्टचे गार्ड येणार, जागेवर जे दिसेल त्याचा पंचनामा होणार. वावर जुनं दिसलं तर अक्काचं, नवं दिसलं तर अतिक्रमण. अतिक्रमण ठरलं की वावर सोडून खाली उतरायचं. दुसरी जमीन तिला नव्हती.

पाहणीच्या आधी नाना मला एकदा वर घेऊन गेले. बांध पाहून मी तर खूशच झाले. दगड काळे पडलेले, त्यांच्यावर पांढुरके डाग धरलेले, फटींतून गवत आणि झुडपं. वावरात तोडलेल्या झाडांचे कुजलेले बुंधे होते. कुठल्याही डोळसाला कळलं असतं की हे काही कालपरवाचं नाही. मी मोबाईलवर भरपूर फोटो काढले. ते नंतर पाहिले तेव्हा त्यांत बांध कमी आणि मीच जास्त होते, पण मला तेव्हा काळजी कसली? पुरावा डोंगरावर उभा होता, कोण पळवणार होतं त्याला.

निघताना नाना अक्काला म्हणाले, "अक्का, साहेब लोक येतील. तयारी करून ठेव."

अक्काने मान डोलावली. तयारी म्हणजे माणसं हजर ठेव, म्हातारी मंडळी बोलायला आण, असं नानांना म्हणायचं होतं. मलाही तसंच समजलं.

पाहणीच्या दिवशी आम्ही सकाळी लवकर चढायला लागलो. पुढे तलाठी भाऊ धापा टाकत, मागे फॉरेस्टचे एक गार्ड, निवृत्तीला टेकलेले, कमी बोलणारे, आणि शेवटी नाना आणि मी. मनातल्या मनात मी कलमं म्हणत होते. शेवटचं वळण घेतलं आणि वावर समोर आलं.

ते वावर लखलखत होतं. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. बांधाचा वरचा सगळा थर उतरवून नव्याने रचलेला होता, दगडांची काळी बाजू आत आणि स्वच्छ बाजू बाहेर. एक गवताची काडी शिल्लक नव्हती. झुडपं साफ. कुजलेले बुंधे खणून काढलेले, खड्डे बुजवलेले. जमीन सपाट करून झाडलेली. हो, झाडलेली! लग्नाच्या मांडवासाठी करतात तशी. आणि बांधाच्या कडेने सगळा पाडा उभा होता, अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, चेहऱ्यावर समाधान घेऊन.

अक्का पाण्याचा हंडा घेऊन पुढे आली. "साहेब लोके येवाले शेत, मंग घाण वावर कसं दखाडानं? लाह बलाई. बठ्ठा उनात!" सगळे आले, असं ती कौतुकाने सांगत होती.

लाह म्हणजे काय ते नानांनी मला आधी सांगितलं होतं. पाड्यावर कोणाचं मोठं काम निघालं, छप्पर शाकारायचं, विहीर खणायची, बांध घालायचा, की त्या घराने लाह बोलवायची. घरटी माणसं येतात, मजुरी घेत नाहीत, घरधनीण सगळ्यांना पोटभर जेवू घालते. पुढे त्यांच्यापैकी कोणी बोलावलं की आपण जायचं. अक्काकडे पाहुणे यायचे होते, तेही सरकारी, म्हणून तिने घर आवरावं तसं वावर आवरून घेतलं. अख्ख्या पाड्याने मिळून, अगदी प्रेमाने, होता नव्हता तेवढा पुरावा पुसून टाकला होता.

नाना एका दगडावर बसले. इतक्या वर्षांत त्यांना असं मुद्द्याशिवाय बसलेलं कोणी पाहिलं नसेल. "मी म्हटलं होतं तयारी कर म्हणून," एवढंच ते पुटपुटले.

गार्डांनी बांधावरून हात फिरवला. "वकीलसाहेब, हा तर या आठवड्यातला दिसतो."

"नव्यानेच रचलेला आहे," तलाठी भाऊ म्हणाले आणि त्यांनी पेनचं टोपण काढलं. त्यांचा काही दोष नव्हता. पंचनाम्यात जे दिसतं ते लिहितात, आणि दिसत होतं ते नवंकोरं होतं.

अक्का एकदा पेनाकडे बघत होती, एकदा नानांकडे. "काय व्हयनं?" तिने मला हळूच विचारलं. मी तिला काय सांगणार होते, की बाई, तू फार चांगलं काम केलंस म्हणून तुझी जमीन जातेय? मला रडू आलं नाही. मला राग आला. अक्काचा नाही, नानांचा नाही, तलाठ्यांचाही नाही. पाहुण्यांसाठी घर आवरणाऱ्या बाईची ज्यात हार होते, तसल्या व्यवस्थेचा. आणि राग आला की माझं डोकं चालायला लागतं. गल्लीत विचारा कोणालाही.

"भाऊ, थांबा," मी तलाठ्यांना म्हटलं. "अजून पाहणी झालेली नाही. तुम्ही एकच टोक पाहिलंय."

"टोकावरून कळतंय की, ताई."

"मग दुसऱ्या टोकावरूनही कळू द्या."

मी अक्काकडे वळले. "अक्का, या वावरात आधी कधी लाह झाली होती?"

"व्हयेल शे ना. कितीक डाव."

"मग हा एवढा बांध. कोणी कुठला तुकडा रचायचा हे कसं ठरलं?"

अक्काला हा प्रश्नच कळेना. तिच्या मागे उभे असलेले एक म्हातारे आबा पुढे आले. त्यांना तो कळला, पण इतक्या साध्या गोष्टीसाठी प्रश्न कशाला हे कळलं नाही. "ठराना काय शे त्यानामा? ज्याना बापनी जो तुकडा रचा, तो त्याना. मना हाऊ." त्यांनी काठीने बांधाचा एक भाग दाखवला. "हिना सासरानी पहिली लाह बलाई, तवय मी जवान व्हतो."

मला हवं होतं ते हेच. पाड्यावरची रीतच अशी होती की बांध दुरुस्त करायची वेळ आली की ज्या घराने मुळात जो भाग घातला, त्याच घराने तो उचलून लावायचा. इतक्या वर्षांत कोणी कोणाच्या भागाला हात लावला नव्हता.

"सगळ्यांनी आपापल्या तुकड्यावर जाऊन उभं राहायचं," मी ओरडले. माझा आवाज मुळातच मोठा आहे, त्या दिवशी तो समोरच्या डोंगरावर आपटून परत आला. आबांनी पावरीतून तेच सगळ्यांना सांगितलं. माणसं हलली. कोणी धक्काबुक्की नाही, कोणी "हा माझा, तो तुझा" नाही. बघता बघता त्या बांधाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घरं उभी राहिली. मधे दोन-चार ठिकाणी जागा रिकामी राहिली. आबा म्हणाले, ती घरं पोटापाण्यासाठी गुजरातेत गेली.

"भाऊ, नियमात म्हाताऱ्या माणसांचा जबाब हा पुरावा धरला जातो," मी तलाठ्यांना म्हटलं. "प्रत्येकाच्या जागेवर जाऊन विचारा, तुझ्या तुकड्याचा पहिला दगड कोणी ठेवला. वेगवेगळं विचारा. एक जरी अडखळला तरी तुमचं 'नव्याने' राहू द्या."

हे म्हणताना मी नानांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित थांबले असते. एक जरी अडखळला म्हणजे? त्यातली निम्मी माणसं सरकारी माणूस दिसला की आपलं नावसुद्धा अडखळतच सांगायची. पण बोलून बसले होते, आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटत नव्हती. आपल्या बापाने ठेवलेला दगड कोणता हे माणूस विसरत नाही, याची मला खात्री होती.

तलाठी चालत गेले, विचारत गेले, लिहीत गेले. नाना उठून त्यांच्याबरोबर चालू लागले आणि त्यांची ती नेहमीची पद्धत सुरू झाली. जेवलास का, आंबा कसा आहे, आणि हा दगड कोणाचा. कोणीही अडखळलं नाही.

गार्ड मात्र जागचे हलले नव्हते. "जबाब ठीक आहेत, ताई," ते म्हणाले. "पण माणसं एकमेकांची असतात. वर विचारतील, जागेवर काय दिसलं? मी खोटं लिहिणार नाही."

"खोटं लिहूच नका," मी म्हटलं. "माझ्याबरोबर चला फक्त."

बांधाच्या खालच्या टोकाला, आबांच्या तुकड्यात, एक अंजनाचं झाड होतं. पहिल्या भेटीत मी त्याच्या सावलीत बसून फोटो काढले होते, तेव्हा झाडाकडे नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. आता पाहिलं. झाड बांधातूनच वर आलेलं होतं आणि लाह करणाऱ्यांनी तेवढा भाग सोडून दिला होता, कारण तिथले दगड हलतच नव्हते. खोडाने ते गिळले होते. एक मोठा दगड अर्धा आत होता, त्याच्या भोवती साल जाड होऊन मिटत आली होती.

"भाऊ, तुमची सगळी नोकरी जंगलात गेली. मला झाडातलं काही कळत नाही," मी म्हटलं. "हे झाड किती जुनं असेल?"

त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. मग झाडाकडे पाहिलं आणि संशय गेला. खिशातून टेप काढून त्यांनी खोडाचा घेर घेतला, सालीवर नख लावून पाहिलं, वर फांद्यांकडे नजर टाकली. "अंजन फार हळू वाढतो," ते म्हणाले. "आणि अशा खडकात तर आणखी हळू. हे माझ्या नोकरीच्या आधीचं आहे. बरंच आधीचं."

"कायद्यातल्या तारखेच्या?"

"त्याच्या तर कितीतरी."

"मग आधी झाड की आधी बांध?"

ते वाकले. झाडाने गिळलेल्या दगडावर त्यांनी बोट ठेवलं, त्याच्या खालच्या दगडावर ठेवलं, त्याच्याही खालच्या. एकावर एक रचलेला थर खोडाच्या आत शिरत होता. नाना आणि तलाठी येऊन उभे राहिले. अक्का हंडा अजून तसाच धरून होती.

"आधी बांध," गार्ड म्हणाले. मग तलाठ्यांकडे वळून नोकरीतल्या आवाजात म्हणाले, "लिहा. जुना बांध, फक्त वरचा थर दुरुस्त केलेला. झाडाचा घेर मी सांगतो."

तलाठ्यांनी "नव्याने" हा शब्द खोडला. नानांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. नानांनी आयुष्यात मला दिलेली तेवढी एकच शाबासकी, आणि ती जरा जोरातच लागली. मग अक्काने कोणाला जाऊ दिलं नाही. लाह झाली की जेवण असतंच. मक्याची भाकर, उडदाची डाळ, कैरीचा ठेचा. गार्ड आधी नको म्हणाले, नंतर त्यांनी दोनदा डाळ घेतली.

सुट्टी संपली. कॉलेजात सगळ्यांनी आपापल्या सर्टिफिकेटांचे फोटो टाकले, त्यात माझंही होतं, नानांच्या तिरक्या सहीचं. पुण्याहून आलेल्या मैत्रिणीने विचारलं, "तू काय केलंस?" मी म्हटलं, "एका झाडाची साक्ष काढली." तिला वाटलं मी नेहमीसारखी फेकतेय.

समितीचा निकाल यायला हिवाळा उजाडला. नानांचा फोन आला. नाना फोनवर कधी लांबण लावत नाहीत. "अक्काचं झालं," म्हणाले आणि ठेवला. मी कॉलेजच्या जिन्यात होते. तिथेच बसले आणि पोटभर रडले. येणारी-जाणारी मुलं वळून बघत होती, मी बघू दिलं.

पुढच्या उन्हाळ्यात नानांकरवी निरोप आला. अक्काने लाह बोलावली आहे, पावसाआधी बांधाचं एक टोक लांबवायचं आहे, तुलाही बोलावलंय. मी आईला म्हटलं, येतेस का? आई आली. सगळ्या वाटेवर "दगड उचलायला डोंगरात कोण जातं" असं म्हणत आली आणि वर पोचल्यावर पदर खोचून चुलीपाशी बसली.

आबांच्या तुकड्याच्या पुढे, अंजनापलीकडे, नवा बांध घालायचा होता. जो तो आपला भाग रचत होता. मी आपली इकडून तिकडे दगड देत होते. अक्काने माझा दंड धरला आणि मला एका रिकाम्या जागेशी नेऊन उभं केलं. तिथे कोणीच नव्हतं.

"हाऊ तुकडा कोणाचा, अक्का?"

"तुना."

मी दोन्ही हातांनी एक मोठा दगड उचलला आणि ठेवला. अक्का कमरेवर हात ठेवून बघत होती. तिने पायाने दगड हलवून पाहिला, तो डुगडुगला. तिने तो काढून पुन्हा माझ्या हातात दिला.

"असा नही. नीट बसाड," अक्का म्हणाली. "उद्या कोणी इचारं, तं तुले बी आठे उभं राहीसन सांगनं पडी."

मी खाली वाकले, माती सारखी केली आणि दगड पुन्हा ठेवला. या वेळी तो हलला नाही.